कुणाची वायर घ्यायची

नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी दाराखालून एक रंगीत पत्रक सरकून आत आलं. आई म्हणाली, "बघ गं, कायतरी आलंय." मी उचललं. नेट, टीव्ही आणि घरचा फोन, तिन्ही एकाच वायरीत, एकाच बिलात. खाली कोपऱ्यात मालकाचा फोटो होता. कपाळाला टिळा, गळ्यात साखळी, हात जोडलेले. फोटोखाली नाव. नाव वाचायच्या आधीच मी त्याला ओळखलं होतं. वरच्या दोन दातांतली फट तशीच होती.

मी पत्रक घडी करून ओट्यावरच्या डब्याखाली ठेवलं. आईला म्हटलं, "केबलवाल्याचं आहे."

हा माणूस बत्तीस वर्षांपूर्वी माझा मेहुणा होणार होता.

तेव्हा आम्ही रहिमतपूरला राहायचो. आबा, म्हणजे माझे वडील, शिंपी होते. बाहेरच्या खोलीत मशीन, आतल्या दोन खोल्यांत आम्ही चौघं. अक्का बावीस वर्षांची, मी अठराची. अक्काला सांगलीचं स्थळ आलं. मुलगा केबलच्या धंद्यात नवा नवा पडला होता, घरावर डिशची मोठी छत्री लावून गल्लीभर वायरी ओढल्या होत्या. त्या काळी असा मुलगा म्हणजे भारीच. सुपारी फुटली आणि आठ दिवसांनी तो सफारीचं माप द्यायला एकटाच आमच्याकडं आला. जावयाची सफारी आबा स्वतः शिवणार होते.

तो बाहेरच्या खोलीत हात पसरून उभा राहिला. आबा टेप लावून माप सांगत होते आणि मी वहीत लिहीत होते. छाती छत्तीस, बाही चोवीस. माप झाल्यावर आबांनी अक्काला हाक मारली. तिच्या उजव्या हाताच्या कोपरामागं रुपयाएवढा पांढरा डाग होता. आबांनी तिची बाही वर सरकवली, कोपर त्याच्या समोर धरलं आणि म्हणाले, "हे बघून ठेवा. साताऱ्याच्या डॉक्टरांना दाखवलंय. पसरणार न्हाई म्हणतात. तुमच्या वडीलधाऱ्यांना बैठकीतच सांगितलंय, पण तुमी स्वतः बघितलेलं बरं." अक्का खाली मान घालून उभी. तो हसला. "मामा, एवढ्याशा डागाला कोण बघतंय?" असं म्हणून त्यानं चहा घेतला आणि मोटरसायकलवरून निघून गेला.

पंधरा दिवसांनी समोरच्या औषधाच्या दुकानात आमच्यासाठी फोन आला. आमच्या गल्लीत फोन तेवढाच एक. दुकानदारानं रस्त्यावरून हाक मारली, आबा गळ्यात टेप तसाच ठेवून गेले. मी त्यांच्या मागं गेले, लग्नाची काही खरेदी असेल असं वाटून. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. पलीकडून मुलाचा मामा बोलत होता. त्याचा आवाज एवढा मोठा होता की रिसिव्हर आबांच्या कानाला असूनही मला शब्द न् शब्द ऐकू येत होता. मुलीला कोड आहे, तुम्ही लपवलंत, आमची फसवणूक केलीत, लग्न मोडलं.

"मी दाखवलं हुतं," आबा म्हणाले. "पाव्हणं, मी दाखवलं हुतं की."

दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत फोन कट झाला होता. आबांनी रिसिव्हर खाली ठेवला, तो नीट बसला नाही म्हणून पुन्हा उचलून ठेवला. दुकानातली माणसं गोळ्यांच्या पाकिटांकडं बघत होती. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की शिंप्यानं पोरीचं कोड लपवलं. कोणाला कोड आहे याचं लोकांना एवढं नाही, पण लपवलं म्हणजे माणूस खोटा. आबांकडं बायका ब्लाऊजची कापडं टाकून जायच्या त्या बाहेरच्या बाहेर कापड देऊन जायला लागल्या. पूर्वी बसायच्या, बोलायच्या. सांगलीला त्याच उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. मुलगी एका मोठ्या हळद व्यापाऱ्याची होती. म्हणजे कारण काय होतं ते आम्हाला कळलं, पण ते कळून उपयोग नव्हता.

अक्काला पुढं बारा वर्षं स्थळ आलं नाही. आलं ते परत गेलं. मोठीचं झाल्याशिवाय धाकटीचं कसं करायचं, म्हणून माझं थांबलं. चौतिसाव्या वर्षी अक्कानं मेढ्याच्या एका बिजवराशी लग्न केलं. माणूस सज्जन. त्याची पहिली बायको लवकर गेली होती. लग्नानंतर तीन वर्षांनी अक्काला मुलगी झाली. तोवर मी पाटबंधारे खात्यात लागले होते. थांबायची सवय झाली होती, मग कुणी विचारलंही नाही आणि मीही सांगितलं नाही. आबा गेले तेव्हा त्यांच्या कपाटात ती अर्धी शिवलेली सफारी निघाली. ती मी जाळली.

एवढं सगळं सांगितलं कारण पुढं मी जे केलं ते कळायला हे लागेल.

आमची इमारत सांगली-मिरज रस्त्याच्या अलीकडं आहे. पुराचं पाणी इथपर्यंत येत नाही, म्हणून लोकांनी इथं घरं घेतली. अठरा फ्लॅट. बिल्डरनं ताबा दिला आणि सोसायटी स्थापन झाली तेव्हा सगळ्यांनी मला सचिव केलं, कारण मी सरकारी कारकून, मला इतिवृत्त लिहिता येतं आणि माझं अक्षर चांगलं आहे. पहिलाच विषय निघाला नेटचा. प्रत्येकानं आपापली वायर आणायची म्हटलं तर भिंतींना भोकं पडणार, जिन्यातून वायरी लोंबणार. म्हणून ठरलं की एकाचीच वायर डक्टमधून वर न्यायची आणि पार्किंगमध्ये एकच पेटी बसवायची. कुणाची, ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. अर्ज सचिवांकडं द्यायचे.

पर्याय तीन होते. एक सरकारी फोन. ते म्हणाले, अजून या रस्त्याला आमची लाइन आली नाही. दुसरी बाहेरची मोठी कंपनी, तिची जाहिरात टीव्हीवर सारखी लागायची. तिसरा तो.

त्याचा माणूस अर्ज घेऊन माझ्याकडं आला तेव्हा मला आतून जे वाटलं त्याला आनंद हाच शब्द आहे. मी खोटं कशाला बोलू. बत्तीस वर्षं माझ्या हातात काही नव्हतं आणि आता त्याचा कागद माझ्या टेबलावर होता.

माझ्या नोकरीनं मला एक गोष्ट चांगली शिकवली आहे, कागद कसा अडवायचा. मी त्या माणसाला म्हटलं, "परवान्याची प्रत जोडलेली नाही." तो आठवड्यानं प्रत घेऊन आला. म्हटलं, "प्रत साक्षांकित पाहिजे." ती आणली. मग म्हटलं, वायर कुठून कुठं जाणार त्याचा नकाशा हवा. नकाशा आला, तर त्यावर मापं नव्हती. मापं टाकून आला, तर कामगारांच्या विम्याचा कागद नव्हता. मग इमारतीला नुकसान झाल्यास भरून देऊ असं हमीपत्र, स्टँपपेपरवर. हमीपत्र आलं तेव्हा मी ते चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हटलं, "सही मॅनेजरची आहे. मालकाची लागेल. आणि मालकांनी स्वतः येऊन माझ्यासमोर करायची."

"मॅडम, मालक कुठं येत नाहीत," तो म्हणाला. बिचारा कंटाळला होता.

"मग राहू दे."

अठरा फ्लॅट सोडण्यासारखे नव्हते. पुढच्याच शनिवारी दुपारी तो स्वतः आला.

मी दार उघडलं. छाती छत्तीस राहिली नव्हती. केस काळे केलेले, पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. "नमस्कार ताई. तुम्ही बोलावलंत म्हणून आलो." तो सोफ्यावर बसला. मी त्याला पाणी विचारलं नाही. आमच्याकडं परका माणूस दारात आला तरी आधी पाणी देतात. मी समोरच्या खुर्चीत बसून राहिले. त्यानं मला ओळखलं नव्हतं, याची मी तयारी केली होती तरी ते टोचलं. मी त्याचा चेहरा इतकी वर्षं सांभाळला आणि त्याच्या डोक्यात मी कुठंच नव्हते.

तो सराईतपणे बोलायला लागला. त्याचं ऑफिस पाच मिनिटांवर, तक्रार आली की त्याच दिवशी माणूस येणार, लाइट गेली तरी नेट जाणार नाही, बॅटरी आहे. मोठ्या कंपन्यांचं काही खरं नसतं. "ताई, आम्ही इथलीच माणसं. उद्या काय झालं तर माझी कॉलर धरता येते तुम्हाला. त्यांची कोण धरणार?"

मी त्याला बोलू दिलं. मग विचारलं, "तुम्ही कधी रहिमतपूरला सफारीचं माप द्यायला गेला होतात का?"

तो थांबला. आधी त्याला खरंच आठवेना. मग आठवत गेलं ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. एक मोबाइल वाजत होता, तो त्यानं बघितलाच नाही.

"शिंपी होते ते," तो म्हणाला. "हो. त्यांच्या मुलीला..."

"काय होतं त्यांच्या मुलीला?"

"जाऊ द्या ना ताई. लय जुनं झालं."

"मी तिची बहीण. तुमची मापं मी लिहून घेतली होती."

त्यानं दाराकडं बघितलं. मग गुडघ्यांवर हात ठेवले आणि खाली बघत म्हणाला, "मामांनी ठरवलं सगळं. ते स्थळ त्यांनीच आणलं होतं, दुसरं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. मला कोण विचारत होतं?"

"मी ते विचारत नाही. तुम्हाला दाखवलं होतं की नव्हतं?"

"दाखवलं होतं."

"मग लपवलं म्हणून कोणी सांगितलं?"

"काहीतरी सांगायला पाहिजे होतं ना ताई." हे तो इतक्या साधेपणानं म्हणाला की मला खुर्चीचे हात घट्ट धरावे लागले.

"आई आत आहे," मी म्हटलं. "आत चला आणि हे तिला सांगा. लपवलं नव्हतं, दाखवलं होतं. तिच्या तोंडावर."

तो उठला नाही. माझ्याकडं बघत राहिला. धंद्यातला माणूस. मग हळूच म्हणाला, "आणि परवानगीचं?"

त्याच क्षणी माझं ठरलं. त्यानं नुसतं उठून आत पाऊल टाकलं असतं, तर कदाचित मी वेगळी वागले असते. कदाचित. "परवानगी मिळेल," मी म्हटलं. "शब्द देते."

आई स्वयंपाकघरात खाली बसून पावटा सोलत होती. अठ्ठ्याहत्तरीची आहे, पण कान चांगले आहेत. बाहेरचं सगळं तिनं ऐकलं होतं, हे मला तिच्या हातांवरून कळलं. शेंग धरलेली होती आणि सोलत नव्हती. तो तिच्यासमोर उभा राहिला, हात जोडले, अगदी पत्रकातल्यासारखे. "आजी, तुमच्या मालकांनी मला दाखवलं होतं. त्यांनी काही लपवलं नव्हतं."

आईनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मला ठावं हाय," ती म्हणाली. "मी आतल्या खोलीत हुते तवा. मला कशाला सांगतोस? ज्यांनी ऐकायचं हुतं ते ऐकायच्या आदीच गेलं."



"पानी पी आन जा," आई म्हणाली, आणि माठाकडं बोट केलं. त्यानं स्वतःच्या हातानं तांब्या भरून घेतला, प्यायला, तांब्या पालथा घातला आणि निघून गेला. जाताना हमीपत्रावर सही केली.

मला वाटलं होतं, हे झालं की मन शांत होईल. आई पुन्हा पावटा सोलायला लागली. मी तिला म्हटलं, "बरं वाटलं का?" ती म्हणाली, "माज्या गुडघ्याला बरं वाटंल तवा बरं वाटंल." मी बाहेर येऊन बसले. शांत तर काही वाटेना. उलट भूक वाढल्यासारखं झालं. बोलणं पुरेसं नव्हतं. त्याचं काहीतरी जायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून सभा भरली. दोन्ही अर्ज माझ्या फाइलमध्ये होते. त्याचा अर्ज दोन पानांचा होता. पहिल्या पानावर दर आणि वेग, दोन्ही कंपनीएवढेच, फार फरक नव्हता. दुसऱ्या पानावर ते सगळं होतं जे त्यानं मला सोफ्यावर बसून सांगितलं होतं. त्याच दिवशी दुरुस्ती, बॅटरी, लिफ्टच्या कॅमेऱ्याला फुकट लाइन. खाली येण्यापूर्वी मी घरात बसून नखानं त्याचा स्टेपल उचकटला आणि दुसरं पान कपाटात ठेवलं.

सभेत मी दोन्ही अर्ज वाचले. कंपनीचा वाचताना जरा ठासून वाचला असेन. कुणीतरी विचारलं, "हा केबलवाला कसा आहे?" मी म्हटलं, "मला त्यांचा अनुभव नाही." खालच्या मजल्यावरचे निवृत्त सुभेदार म्हणाले, "लोकल आदमी बरा असतो मॅडम, बोलावला की येतो." मी म्हटलं, "तसं त्यांनी अर्जात कुठं लिहिलेलं नाही." मतं पडली. कंपनी जिंकली.

मी जिन्यात उभं राहून त्याला फोन लावला. "तुमचा अर्ज बहुमतानं नामंजूर झाला."

"ताई, तुम्ही शब्द दिला होता," तो म्हणाला.

"दिला होता."

"मग?"

"मग काही नाही." मी फोन बंद केला. पायऱ्या मी आनंदानं दोन-दोन करत चढले. संध्याकाळी मी बाहेर जाऊन जिलेबी आणली. आईनं विचारलं, "कशाची गं?" मी म्हटलं, "रविवारची." तिनं एक वेढा खाल्ला आणि बाकीची डब्यात झाकून ठेवली.

कंपनीची वायर आली. पहिला महिना सगळं छान चाललं. लोक मला लिफ्टमध्ये सांगायचे, मॅडम, निवड चांगली केलीत. मग रस्त्याचं काम निघालं, जेसीबीनं वायर तोडली आणि नऊ दिवस नेट नव्हतं. तक्रार मोबाइलवरच्या ॲपवर टाकायची, आणि ॲपला नेट लागायचं. फोन केला तर आधी गाणं, मग हिंदीतून एक बाई म्हणायची की आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. दुरुस्तीचा माणूस कोल्हापूरहून यायचा, आला तर. लाइट गेली की नेट जायचं. आमच्याकडं लाइट किती वेळा जाते ते सांगायला नको.

सगळ्यात हाल झाले सुभेदारांचे. त्यांचा मुलगाही सैन्यात आहे, तिकडं उत्तरेला. सून आणि चार वर्षांची नात त्याच्याबरोबर. आठवड्यातून दोनदा नात व्हिडिओवर दिसायची, तेवढंच आजोबांचं सुख. मी एकदा जिन्यातून उतरत होते, त्यांचं दार उघडं होतं. ते फोन तोंडासमोर धरून खिडकीपासून दारापर्यंत फिरत होते. पडद्यावर पोरीचं तोंड अर्धं उघडं थांबलेलं. "हॅलो बेटा, आवाज येतोय का? हॅलो?" मी पटकन खाली उतरले.

पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी सुभेदार माझ्या दारात आले. ताठ उभे, हातात कागद. आत या म्हटलं तर आले नाहीत. "मॅडम, मी त्या केबलवाल्याकडं गेलो होतो. म्हटलं माझ्यापुरती तरी लाइन द्या. त्यानं मला हे दिलं." ती त्याच्या अर्जाची पोच होती. दोन पानं. दोन्ही पानांवर माझी सही, तारीख आणि सोसायटीचा शिक्का. ऑफिसातली सवय, कागद हातात घेतला की प्रत्येक पानावर पोच द्यायची. स्वतःच्या हातानं दिली होती आणि विसरले होते.

"हे दुसरं पान सभेत वाचलं गेलं नाही," सुभेदार म्हणाले. "मी परवाच्या सभेत विचारणार आहे. आधी सांगून ठेवतो. पाठीमागून काही करायची आपल्याला आदत नाही."

"विचारा," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "ते पान मी काढून ठेवलं होतं." कारण विचारलं तर म्हटलं, वैयक्तिक आहे. कुणीतरी मागून म्हणालं, "कंपनीकडून काही मिळालं असेल." यावर सुभेदारच कडाडले, "तमीज से बोलो. मॅडम तशा नाहीत." ते जर काही बोलले नसते तर मी मान वर ठेवून बसले असते. त्यांनी माझी बाजू घेतली आणि माझी मान खाली गेली. मी राजीनामा लिहून आणला होता, तो अध्यक्षांच्या हातात दिला आणि वर निघून आले.

सभेनं ठराव बदलला आणि महिन्याभरात त्याची वायर डक्टमधून वर गेली. सतरा फ्लॅट त्याच्याकडं गेले. माझा गेला नाही. त्याचा माणूस विचारायला आला होता, मी दारातूनच नको म्हटलं. आता या इमारतीत त्या कंपनीचं गिऱ्हाईक मी एकटीच. त्यानं मला फोन केला नाही, समोर आला नाही, कुणाला काही सांगितलंही नाही. सुभेदारांना त्यानं कागद दिला, पण गोष्ट सांगितली नाही. त्याच्या बाजूनं हे एवढं मला मान्य करावं लागतं, आणि तेही मला आवडत नाही. नातीसाठी सुभेदारांना हेलपाटे घालावे लागले त्याचं मला वाईट वाटतं. त्याला फसवल्याचं वाटत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पोच फक्त पहिल्या पानावर देईन.

अक्काला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. जूनमध्ये ती तिच्या मुलीला घेऊन आमच्याकडं आली. मेढ्याहून नाचणीचं पीठ आणि पिशवीभर करवंदं आणली. मुलीला कऱ्हाडच्या इंजिनिअरिंग कॉलेजला प्रवेश हवा होता, त्याच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता. गावाकडं रेंज मिळत नाही म्हणून मावशीच्या घरी शहरात येऊन भरू, असं ठरवून दोघी आल्या होत्या. आणि त्या दिवशी सकाळपासून माझं नेट बंद.

मुलगी लॅपटॉपसमोर रडकुंडीला आली. मोबाइलवर करून बघितलं तर फोटो चढेना. अक्का म्हणाली, "शेजारी कुणाकडं असंल की." मी काही म्हणायच्या आत ती मुलीला घेऊन खाली उतरली. तासाभरानं दोघी हसत वर आल्या. फॉर्म भरून झाला होता. सुभेदारांच्या घरी त्यांनी चहा घेतला होता, चिवडाही खाल्ला होता.

"काय गं," अक्का म्हणाली, "अख्ख्या बिल्डिंगला एक नेट आन तुझं एकटीचं वेगळं? ते सुभेदार म्हणाले, मॅडमचं काहीतरी वैयक्तिक हाय. काय वैयक्तिक?"

आईनं सांगितलं. पत्रक, पावट्याच्या शेंगा, पाणी, जिलेबी, सगळं. जिलेबीचं कारण आईला कळलं होतं हे मला तेव्हा कळलं. अक्का करवंदं निवडत ऐकत होती. मध्ये एकदा तिनं मुलीला गॅलरीत पाठवलं, कपडे काढून आण म्हणून.

आईचं संपल्यावर ती मला म्हणाली, "तू त्याला फोटोवरनं ओळखलंस?"

"लगेच."

"मला रस्त्यात समोर आला तरी कळायचा न्हाई. तोंडच आठवत न्हाई. त्याच्या आईनं फुटाण्याची पुडी आणली हुती तेवढी आठवती. खवट हुते."

मला तिचाच राग आला. "तुला काहीच वाटत नाही?"

"वाटायचं की. लय वाटायचं. आबा जेवताना मधीच थांबायचे तवा तर मला त्याच्या घराला आग लावाविशी वाटायची." तिनं एक किडलेलं करवंद बाजूला टाकलं. "मग लग्न झालं. सासूला लकवा, ह्यांची गावोगावची नोकरी, पोरगी झाली तर तिला सारखा खोकला. एक दिवस बघितलं तर त्याची आठवणच आली न्हाई बरेच दिवसांत. मी काय मुद्दाम केलं न्हाई."

"मी विसरणार नाही."

"नको विसरू," अक्का म्हणाली. "तुला कोण विसर म्हणतंय? पण नेट तेवढं बदल. दुसऱ्या यादीच्या वेळंला परत फॉर्म भरायचा हाय, तवा आमी परत येणार."

"नाही बदलणार."

ती माझ्याकडं बघून हसायला लागली. हसताना तिनं तोंडावर हात घेतला, तेव्हा बाही मागं सरकली. डाग आता मनगटापर्यंत आला होता. साताऱ्याच्या डॉक्टरांचं चुकलं होतं. तिनं तो कधी झाकलेला मी बघितलेला नाही.

"मग आमी सुभेदारांकडं जाऊ," ती म्हणाली. तेवढ्यात गॅलरीतून मुलगी ओरडत आली, फॉर्ममध्ये आडनावाचं एक अक्षर चुकलंय, दुरुस्त करायला अजून अर्धा तास आहे. दोघी लॅपटॉप उचलून पुन्हा पळत खाली गेल्या. खालून सुभेदारांचा मोठा आवाज आला, "आओ आओ, परत आला का?" आणि अक्काचं हसणं.

मी दार लावून घेतलं. आई म्हणाली, "टीव्ही तरी लागतोय का बघ." मी बघितलं, लागत नव्हता. थोडा वेळ मी खुर्चीत बसून राहिले. मग उठले आणि दाराची कडी काढून ठेवली, वर आल्यावर त्यांना बेल वाजवत उभं राहावं लागू नये म्हणून.